पाच रुपयांचे तिकीट आणि सात वर्षांचा गुन्हा

लोकलच्या एसी डब्यात टीसीने पास मागितला. प्रवाशाने मोबाईल पुढे केला. पडद्यावर नाव, तारीख, स्थानके, क्यूआर कोड, सगळे जागच्या जागी होते. टीसीने पासचा क्रमांक आपल्या यंत्रात टाकून पाहिला, तर असा पास रेल्वेने दिलेलाच नव्हता. २०२५ च्या अखेरीस मुंबईच्या उपनगरी रेल्वेत अशी प्रकरणे एकामागून एक समोर आली. कुणी लॅपटॉपवर जुन्या पासची तारीख बदलली होती, कुणी एआयच्या मदतीने नवा पासच तयार केला होता. पकडलेल्यांत शिकलेली, नोकरी करणारी माणसे होती. त्यांच्यावर नेहमीचा दंड करून भागले नाही, थेट पोलिसांत गुन्हे दाखल झाले.

या बातम्या आल्या की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे 'काय डोकं लावलंय पोराने!' अशी हसण्यावारी नेणारी. दुसरी म्हणजे 'सगळेच करतात, पकडला गेला तो चोर' अशी खांदे उडवणारी. आम्हाला दोन्ही घातक वाटतात. हा विषय पाच-दहा रुपयांचा राहिलेला नाही. त्यात तरुणांचे भविष्य आहे, गरिबाचा प्रवासाचा हक्क आहे आणि आपल्या ईमानदारीचाही प्रश्न आहे. तिन्ही बाजू नीट पाहायला हव्यात.

दंड वेगळा, गुन्हा वेगळा

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घेऊ. विनातिकीट प्रवासासाठी रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १३८ लागते. त्यानुसार केलेल्या प्रवासाचे भाडे आणि त्यावर तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यातले जे जास्त असेल ते वसूल केले जाते. लोकलच्या सेकंड क्लासचे किमान भाडे ५ रुपये आहे. म्हणजे एका स्थानकापुरता फुकट गेलेला माणूस सापडला की त्याला २५५ रुपये पडतात. पैसे भरले, पावती घेतली की विषय तिथेच संपतो. पैसे भरायला नकार दिला किंवा खिशात पैसेच नसतील तर प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जाते आणि तिथेही दंड भरला नाही तर दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

फसवण्याचा हेतू असेल तर कलम १३७ लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथपर्यंतचा सगळा मामला रेल्वेच्या कायद्यातला आहे.

पण पासच बनावट निघाला की हिशेब एकदम बदलतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतली कलमे पुढे येतात. फसवणुकीसाठी ३१८, बनावट कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद तयार केल्याबद्दल ३३६ आणि ती खरी म्हणून वापरल्याबद्दल ३४०. फसवणूक करण्यासाठी बनावट नोंद तयार केली असेल तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. मोबाईलवरची प्रतिमाही इलेक्ट्रॉनिक नोंदच आहे. 'मी कागदावर कुठे काय छापलं?' हा बचाव चालत नाही. पास बनवून देणारा मित्रसुद्धा आरोपी होऊ शकतो.

हे आम्ही एवढ्या विस्ताराने लिहितो, कारण आपल्या वस्त्यांतल्या पोरांना पोलीस ठाण्याची पायरी किती महाग पडते ते सगळ्यांना ठाऊक आहे. जामिनासाठी धावपळ, वकिलाची फी, तारखांवर तारखा. पुढे पासपोर्टची पडताळणी आली की नाव अडकते. आखाती देशात नोकरीला जायचे असेल, सरकारी भरतीचा फॉर्म भरायचा असेल, 'आपल्यावर गुन्हा दाखल आहे का?' हा रकाना समोर असतोच. एसी डब्यातल्या गारव्यासाठी कुणी पोरगा दहा वर्षांची वाट बंद करून घेत असेल, तर ती अक्कलहुशारी नाही. घरच्यांनी आणि दोस्तांनी त्याला वेळीच हटकायला हवे.

उघडी दारे, जुन्या युक्त्या

मुंबईच्या लोकलने दररोज सत्तर लाखांहून अधिक लोक ये-जा करतात. मेट्रोत तिकीट दाखवल्याशिवाय फाटक उघडत नाही. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाला तेव्हापासून मुंबईकरांना त्याची सवय आहे. लोकलच्या स्थानकांना मात्र पूल, भुयारी मार्ग, मोकळी टोके अशी चारी बाजूंनी दारे आहेत. सकाळी आठच्या गर्दीत तिथे फाटके बसवली तर चेंगराचेंगरी व्हायची. म्हणून लोकलचे तिकीट पहिल्यापासून प्रवाशाच्या भरवशावर चालते. तपासणी अधूनमधून होते, बाकी प्रत्येकाच्या नियतीवर सोडलेले असते.

या भरवशाला चुकवण्याच्या युक्त्या काळाप्रमाणे बदलत गेल्या. ज्यांना कूपनचे दिवस आठवतात त्यांना ठाऊक असेल, काही जण कूपन यंत्रात छापायचेच नाहीत. पुस्तिका खिशात ठेवायची आणि टीसी दिसला तरच यंत्राकडे पळायचे. कूपनची यंत्रे गेली, स्मार्ट कार्डावर चालणारी एटीव्हीएम आली. २०१४ च्या अखेरीस मुंबईत यूटीएस ॲप सुरू झाले. टीसी दिसल्यावर लोकांनी तिकीट काढू नये म्हणून स्थानकाच्या आत, रुळांजवळ ॲपवरून तिकीट निघणार नाही अशी सोय केली गेली. मग स्थानकात पोहोचलेल्यांसाठी क्यूआर कोडचे फलक लावले. लोकांनी त्या क्यूआरचेच फोटो मोबाईलमध्ये जपून ठेवले आणि टीसी समोर आला की गाडीत बसून स्कॅन करायला सुरुवात केली. कूपनचीच युक्ती, फक्त नव्या कपड्यात.

बनावट पास ही त्यापुढची पायरी, आणि ती सगळ्यात कच्ची आहे. टीसी आता पडद्याकडे पाहून समाधान मानत नाही, पासचा क्रमांक रेल्वेच्या नोंदीशी ताडून पाहतो. चित्र कितीही हुबेहूब असो, नोंद नसेल तर पितळ उघडे पडणारच.

रेल्वेने धाकाबरोबर गाजरही दाखवून पाहिले. २०२५ मध्ये मध्य रेल्वेने 'लकी यात्री' योजना जाहीर केली. तिकीट किंवा पास असलेल्या प्रवाशाला रोज दहा हजारांचे आणि आठवड्याला पन्नास हजारांचे बक्षीस. ज्याने तिकीट काढायचे ते काढलेच पाहिजे, त्यासाठी बक्षिसाचे आमिष लावावे लागते, यातच परिस्थिती काय आहे ते कळते.

आकडेही बोलके आहेत. २०२२-२३ या एका वर्षात मध्य रेल्वेने आपल्या संपूर्ण विभागात विनातिकीट आणि अनियमित प्रवासाची ४६ लाखांहून जास्त प्रकरणे पकडली आणि ३०० कोटींहून अधिक रुपये वसूल केले. यात लांब पल्ल्याच्या गाड्याही आल्या. एका प्रकरणामागे सरासरी साडेसहाशे रुपये पडतात. दुसरीकडे, सेकंड क्लासचा जवळच्या अंतराचा महिन्याचा पास शंभर रुपयांच्या घरात मिळतो. शुद्ध व्यवहाराच्या हिशेबानेही फुकट प्रवास महागच पडतो.

मोबाईल ज्याच्या हातात नाही

इथपर्यंत प्रवाशाची बाजू झाली. आता रेल्वेची पाहू.

गेल्या दहा वर्षांत तिकिटाचा सगळा रोख विंडोकडून मोबाईलकडे वळला आहे. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी 'रेलवन' ॲप सुरू केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत लोकल, मेट्रो, मोनो आणि बस यांसाठी 'मुंबई वन' ॲप आले. १४ जानेवारी २०२६ पासून सहा महिन्यांसाठी रेलवनवर काढलेल्या अनारक्षित तिकिटावर तीन टक्के सवलतही ठेवण्यात आली. ज्याच्याकडे चांगला फोन आहे, बँकेत खाते आहे, नेटपॅक आहे, त्याची सोय झाली यात शंका नाही. रांगेतली वीस मिनिटे वाचणे म्हणजे मुंबईत एक लोकल मिळणे.

पण ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याचे काय? गोवंडी-मानखुर्दच्या गल्ल्यांत आजही अख्ख्या घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो थोरल्या मुलाच्या खिशात असतो. पहाटे घरकामाला निघणाऱ्या खालाकडे बटणांचा फोन असतो. मशीद बंदरला हमाली करणाऱ्या चाचांना ॲपमधली इंग्रजी अक्षरे लागत नाहीत. ही माणसे विंडोवर जातात. तिथे चार खिडक्यांपैकी एकच उघडी, सुट्ट्या पैशांवरून हुज्जत, रांग बाहेरपर्यंत. समोर गाडी लागलेली असते आणि ती चुकली तर अर्ध्या दिवसाचा खाडा ठरलेला. अशा वेळी जो माणूस तिकीट न काढता गाडी पकडतो, त्याला आणि एसीचा बनावट पास बनवणाऱ्याला एकाच तराजूत तोलता येणार नाही.

नियमही मोबाईलवाल्याला धरूनच आहेत. तिकीट मोबाईलवर दाखवता आले नाही, बॅटरी संपली, फोन बंद पडला, तर प्रवासी विनातिकीट धरला जातो. पैसे भरलेले असतात, रेल्वेच्या नोंदीत तिकीटही असते, तरीही. टीसी बनावट पास पकडण्यासाठी क्रमांक तपासू शकतो, तर खऱ्या प्रवाशाचा मोबाईल क्रमांक टाकून त्याचे तिकीट का शोधू शकत नाही? यंत्रणा पकडण्यापुरतीच हुशार आणि सोडवण्याच्या वेळी मात्र अडाणी असेल तर तिच्यावर लोकांचा भरवसा बसणार नाही.

गरिबांसाठीच्या सवलतींची गत आणखी वाईट. २००९ साली ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना 'इज्जत' पास जाहीर झाला. असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्या आणि महिना १५०० रुपयांपर्यंत कमाई असलेल्या माणसाला २५ रुपयांत १०० किलोमीटरपर्यंतचा मासिक पास, अशी ही योजना होती. नाव सुंदर, कल्पना त्याहून सुंदर. पण महिना १५०० म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. आजच्या मुंबईत नाक्यावर उभा राहणारा मजूरही त्या मर्यादेत बसत नाही. अशी मर्यादा काळाप्रमाणे वाढली नाही तर योजना कागदावर जिवंत राहते आणि माणसासाठी मेलेली असते.

'सरकार तरी आपल्याला काय देतं?'

फुकट प्रवासाचे सगळ्यात जास्त ऐकू येणारे समर्थन हेच. त्यामागचा राग खोटा नाही. मुंब्र्याच्या माणसाला तो कुणी शिकवावा लागत नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर हजारो मुस्लिम कुटुंबे मुंबई सोडून मुंब्र्यात आली. वस्ती फुगत गेली, गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, शेजारच्या रुळांवरून एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्याच दिवशी चौघांचा जीव गेला. दारात लटकणाऱ्याला हौस नसते, आत पाय ठेवायला जागा नसते.

त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, साध्या लोकलच्या जागी एसी लोकल चालवल्यावर कळवा आणि बदलापूरचे प्रवासी चिडून रस्त्यावर आले. मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात एसीचे किमान भाडे ६५ रुपयांवरून ३० वर आणले होते. तरीही ते साध्या तिकिटाच्या सहापट होते. आपली नेहमीची गाडी काढून घेऊन सहापट भाड्याची गाडी समोर उभी केली, तर लोक चिडणारच.

पण या रागातून 'म्हणून तिकीट काढायचं नाही' हा निष्कर्ष निघत नाही. उलट, फुकट प्रवासाने आपलेच सगळ्यात मोठे नुकसान होते. ते कसे, ते पाहा.

रेल्वे उपनगरी स्थानकांच्या श्रेणी ठरवते त्या तिथून निघणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर. वर्षाला अडीच कोटींहून जास्त प्रवासी असतील तर पहिली श्रेणी, एक ते अडीच कोटी असतील तर दुसरी, त्याखाली तिसरी. पूल, शौचालय, पाणी, फलाटावरचे छत अशा सोयींचे निकष या श्रेणीवर अवलंबून असतात. आणि प्रवासी मोजले जातात ते प्रामुख्याने विकलेल्या तिकिटांवरून आणि पासवरून. जो तिकीट काढत नाही तो रेल्वेच्या हिशेबात जन्मालाच आलेला नसतो. मुंब्रा, कुर्ला, गोवंडी, नालासोपारा इथून जेवढे लोक विनातिकीट चढतात, तेवढी त्या स्थानकाची गर्दी कागदावर कमी दिसते. मग जादा गाडी मागायला गेलेल्या शिष्टमंडळाच्या हातात काय राहते? ज्याच्याकडे तिकीट आहे तोच प्रवासी म्हणून भांडू शकतो.

हक्क कुणाचा मारला?

आता आपल्या घरातली गोष्ट. मापात काटा मारणाऱ्यांना कुरआनने किती कठोर इशारा दिला आहे ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्या नावाने एक पूर्ण सूरहच आहे, अल-मुतफ्फिफीन. पूर्ण घ्यायचे आणि देताना कमी द्यायचे, हा फक्त धान्याच्या दुकानातला गुन्हा नाही. प्रवास पूर्ण करायचा आणि भाडे द्यायचे नाही, हेही त्यातच येते.

काही तरुण म्हणतात, रेल्वे सरकारची आहे, एका माणसाचा हक्क कुठे मारला जातो? उलेमांचे उत्तर साधे आहे. सार्वजनिक मालमत्तेत सगळ्यांचा हक्क असतो, म्हणून तिचा देणेदार सगळ्यांचा देणेदार ठरतो. एका माणसाची माफी मागता येते, सत्तर लाख लोकांकडे माफी मागायला कुठे जाणार? म्हणूनच पूर्वी कधी विनातिकीट प्रवास झाला असेल तर तेवढ्या किमतीचे तिकीट काढून ते न वापरता फाडून टाकावे, म्हणजे पैसे जिथले तिथे पोहोचतात, असा मार्ग आपल्याकडचे उलेमा सांगत आले आहेत. जुन्या पिढीतल्या अनेकांनी तो पाळलाही आहे. हे ऐकून नव्या पोरांना हसू येईल. पण ज्या समाजात माणसे टीसी नसताना जुने तिकीट फाडून हिशेब चुकता करतात, त्या समाजाला फाटकांची गरज पडत नाही.

करायचे काय?

रेल्वेकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. गर्दीच्या वेळी सगळ्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ॲप आले म्हणून विंडो कमी करू नये. फोन बंद पडलेल्या प्रवाशाचे तिकीट नोंदीतून तपासण्याची सोय टीसीला द्यावी. ॲपच्या सवलतीइतकीच सवलत रोख पैसे देणाऱ्यालाही मिळावी. इज्जत पासची उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीप्रमाणे बदलावी. विनातिकीट गरीब आणि बनावट पासवाला यांच्यात कायद्याने केलेला फरक कारवाईतही दिसला पाहिजे.

प्रवाशांनी आपले हक्कही जाणून घ्यावेत. दंड भरला की पावती मागायचीच, पावतीशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. कायद्याच्या कलम १३९ नुसार, सोबत पुरुष नसलेल्या महिलेला किंवा मुलाला तिकीट नाही म्हणून वाटेल त्या स्थानकावर उतरवता येत नाही. प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचे स्थानक, एवढ्याच जागी आणि तेही फक्त दिवसा. रात्री कामावरून परतणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे माहीत असायला हवे.

शाळांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत पदवीपर्यंतच्या मुली आणि बारावीपर्यंतची मुले यांना घर ते शाळा सेकंड क्लासच्या मोफत मासिक पासची तरतूद आहे आणि त्यात मदरशाच्या विद्यार्थ्यांचा वेगळा उल्लेख आहे. आपल्या किती शाळा आणि मदरसे विद्यार्थ्यांना त्याचा दाखला देतात? मुख्याध्यापकांनी आणि नाझिमांनी एकदा जवळच्या स्थानकावर जाऊन याची चौकशी केली, तर पोरांना 'टीसी नसेल' या भरवशावर गाडीत चढावे लागणार नाही.

मोहल्ल्यातही काम आहे. मशिदीबाहेर किंवा वाचनालयात रविवारी एक तास बसून दोन-चार तरुण लोकांना एटीव्हीएमचे कार्ड, ॲप आणि पास काढून देऊ शकतात. जुम्याच्या बयानात हा विषय एकदा तरी यायला हवा. ज्या पोरांना पासची तारीख बदलता येते, त्यांनाच खालाच्या फोनमध्ये खरा पास काढून देता येतो. दोन्हीला लागणारे कौशल्य तेच. एकाचा शेवट पोलीस ठाण्यात होतो, दुसऱ्यासाठी दुआ मिळते.

तिकीट काढणे म्हणजे रेल्वेच्या कारभाराला मान्यता देणे नव्हे. तिकीट खिशात ठेवूनच आपण मुंब्र्याला जादा गाड्या का नाहीत, खिडक्या बंद का, दारात लटकणाऱ्यांना वाली कोण, हे प्रश्न मान वर करून विचारू शकतो.